विंडोज मेसेजमधून डेटाची देवाणघेवाण : पार्श्वभूमी

दोन स्वतंत्र प्रोग्राममध्ये डेटा नेण्यासाठी विंडोजचे मेसेज वापरले जात असले, तरी मुळात ते त्यासाठी घडवलेले नव्हते. १९८५ च्या विंडोज १.० मध्ये कळ दाबली गेली, माऊस हलला, विंडो पुन्हा रंगवायची आहे, अशा घडामोडी कळवणे एवढेच त्यांचे काम होते. मेसेजच्या क्रमांकासोबत दोनच आकडे जात, एक १६ बिटांचा आणि दुसरा ३२ बिटांचा. त्यांत मजकूर मावत नसे; पण तेव्हा सगळे प्रोग्राम एकाच सामाईक मेमरीत नांदत असल्यामुळे मजकूर त्या मेमरीत ठेवून त्याचे हँडल, म्हणजे तो ओळखण्याचा क्रमांक, मेसेजमधून पाठवले की काम भागे.

१९८७ मध्ये विंडोज २.० सोबत आलेला ‘डायनॅमिक डेटा एक्स्चेंज’, म्हणजेच डीडीई, याच सोयीवर उभा होता. त्यात नऊ मेसेज होते. प्रोग्रामचे नाव, विषय आणि नेमकी बाब सांगितली की, उदाहरणार्थ, एक्सेलमधल्या एखाद्या चौकटीतला आकडा मागवता येई आणि तो बदलला की आपोआप कळवला जाई. संभाषणाची सुरुवात मात्र सर्व मुख्य विंडोंना साद घालून होत असल्याने, एखादा अडकून पडलेला प्रोग्राम उत्तर देईना की विचारणाराही खोळंबे. शिवाय मेमरी मोकळी कोणी करायची, याचे नियम इतके किचकट होते की विंडोज ३.१ मध्ये ते सांभाळणारी वेगळी लायब्ररीच, म्हणजे तयार कोडचा संच, द्यावी लागली.

१९९३ च्या विंडोज एनटीमध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, स्वतःची मेमरी मिळाली. एका प्रोसेसमधला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, दुसरीत निरर्थक ठरू लागला आणि जुनी युक्ती संपली. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘डब्ल्यूएम_कॉपीडेटा’ हा मेसेज. पाठवणारा एक खुणेचा आकडा, बाइटांची संख्या आणि बफरचा, म्हणजे डेटा ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याचा, पत्ता देतो. सिस्टिम त्या बफरची प्रत घेणाऱ्याच्या मेमरीत करून देते. बफरमध्ये आणखी पॉइंटर असतील तर त्यांच्यामागचा डेटा जात नाही. घेणाऱ्याने ती प्रत फक्त वाचायची असते आणि मेसेज हाताळून होईपर्यंतच ती वैध असते. म्हणूनच हा मेसेज रांगेत टाकून मोकळे होता येत नाही, पाठवणाऱ्याला थांबावेच लागते.

उलट दिशेने मात्र केवळ एक आकडा परत येतो. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या ‘पुटी’सोबत मिळणाऱ्या ‘पेजंट’ या लॉगिनच्या सांकेतिक किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने ही अडचण चतुराईने सोडवली : मेसेजमधून जाते ते केवळ दोन्ही प्रोग्रामना उघडता येणाऱ्या सामाईक मेमरी-फाइलचे नाव, आणि विनंती व उत्तर दोन्ही त्या मेमरीत लिहिले जातात. माझ्या मते मेसेजचा याहून नेटका उपयोग क्वचितच झाला असेल.

या सगळ्या काळात, एकाच डेस्कटॉपवरचा कोणताही प्रोग्राम दुसऱ्याला मेसेज पाठवू शकतो, हे गृहीतच धरलेले होते. २००२ मध्ये ‘शॅटर’ या नावाने गाजलेल्या हल्ल्यांनी, साध्या अधिकारांच्या प्रोग्रामला मेसेजच्या आधारे वरचढ अधिकारांच्या प्रोग्राममध्ये आपला कोड चालवता येतो, हे दाखवून दिले. विंडोज व्हिस्टापासून अधिकारांच्या खालच्या पातळीवरील प्रोसेसकडून वरच्या पातळीच्या विंडोकडे जाणारे बहुतेक मेसेज अडवले जातात, कॉपीडेटाही त्यातच आला. त्यामुळे प्रशासक म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला साध्या प्रोग्रामचा डेटा हवा असेल, तर त्याला त्या मेसेजसाठी हा अडवणारा फिल्टर स्वतःहून उघडावा लागतो आणि आलेल्या प्रत्येक बाइटाची छाननीही स्वतःच करावी लागते.