नाकाला लटकलेलं सॉसेज आणि यमकातले वर

जादूचा वर मिळतो, मागणारा भलतंच काहीतरी मागून बसतो आणि उरलेली पानं ते निस्तरण्यात जातात. लहान मुलांच्या यमकातल्या विनोदी चित्रपुस्तकांत हा मामला नेहमी दिसतो. पण फसलेल्या वरांची गोष्ट पद्यात सांगणं हे काही आजचं खूळ नव्हे.

१६९३ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरोने अशी कथा लिहिली, तीही पद्यातच. लाकूडतोड्याला ज्युपिटर या रोमन देवाकडून तीन वर मिळतात. बोलता बोलता तो सॉसेज मागतो. बायको खडसावते, तेव्हा चिडून म्हणतो, हे तुझ्या नाकाला लटको! तिसरा वर ते काढण्यात खर्ची पडतो. मिळालं काही नाही, गेलंही काही नाही. छोट्यांच्या पुस्तकाला याहून सोयीचा शेवट नाही, असं मला वाटतं.

आपल्या पंचतंत्रातला मंथरक विणकर इतका नशीबवान नव्हता. मित्र न्हावी सांगतो, राज्य माग. बायको म्हणते, आणखी एक डोकं आणि दोन हात माग, दुप्पट कापड विणता येईल. तो बायकोचं ऐकतो, आणि लोक त्याला राक्षस समजून ठार मारतात. हे झोपताना वाचून दाखवायचं म्हणजे कठीणच!

ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात कोळ्याच्या बायकोची हाव वाढत जाते. दरवेळी कोळी समुद्रावर जाऊन तीच यमकाची हाक वर देणाऱ्या माशाला घालतो, आणि दरवेळी समुद्र अधिक काळवंडतो. पालुपद मुलांनी म्हणावं, बदलता रंग चित्रात पाहावा: चित्रपुस्तकाचा आराखडा इथे जवळजवळ तयार आहे. रशियन कवी पुश्किनने १८३३ मध्ये हीच गोष्ट पद्यात रचली.

बोधाचं ओझं उतरवलं ते इंग्रज कवी एडवर्ड लिअरच्या १८४६ च्या निरर्थक, सचित्र पद्यांनी. पुढे १८७८ पासून इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॉल्डेकॉटची चित्रं शब्दांनी न सांगितलेलं सांगू लागली.

‘तीनच वर’ ही अट मात्र सगळीकडे नव्हती. आंत्वान गालां या लेखकाच्या फ्रेंच ‘अलादिन’मधला दिव्याचा जिन मोजत बसत नाही. पण चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं. त्यात तीन वर ऐसपैस मावतात. यमकाचा दुसरा शब्द मूल ओळखू पाहतं, आणि पान उलटल्यावर तिथे सॉसेज निघतं.