रेग्युलेटर घुमतो तेव्हा

खोल पाण्यात श्वास ओढला की दातांत धरलेलं माउथपीस थरथरतं आणि डोक्यात घूंऽऽ असा आवाज भरून राहतो. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना हे नवीन नाही. वर आल्यावरची तक्रारही ठरलेली असते: तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, बिघडलाय. या निदानावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये.

कारण पाण्याखाली आपले कान दिशेच्या बाबतीत फारसे कामाचे नसतात. आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित उशिरा पोचतो. त्या फरकावरून तो कुठून आला ते मेंदू बऱ्याच अंशी ठरवतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणजे तो फरक चौथ्या हिश्श्याहूनही लहान होतो आणि मेंदूचा अंदाज चुकतो. त्यात माउथपीस दातांत घट्ट धरलेलं, त्यामुळे कंपनं जबड्याच्या हाडातून थेट कानाच्या आत शिरतात. प्रत्यक्षात पाठीमागे टाकीवर बसवलेला भाग थरथरत असला, तरी वाटतं की तोंडातच काहीतरी होतंय.

रेग्युलेटर दोन टप्प्यांत काम करतो. टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा असते (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). टाकीच्या तोंडाशी असलेली फर्स्ट स्टेज हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणते. तिथून रबरी नळीने हवा तोंडातल्या सेकंड स्टेजमध्ये येते. तिथे लवचीक पडदा असतो, म्हणजे डायफ्राम. श्वास ओढला की पडदा आत झुकतो, त्याला टेकलेली छोटी दांडी दाबली जाते आणि झडप उघडते. श्वास थांबला की स्प्रिंग झडप मिटवते.

ही सगळी यंत्रणा स्प्रिंगवर तोललेली आहे, आणि थरथरीचं मूळ तिथेच आहे. जुन्या इमारतीत नळ अर्धवट सोडला की भिंतीतला पाइप घुमायला लागतो, ते आठवून बघा. वायसर ढिला झालेला असतो. अरुंद फटीतून पाणी वेगाने जाताना तिथला दाब उतरतो आणि वायसर खाली ओढला जातो. वाट बंद झाली की मागे दाब साचून तो पुन्हा उचलला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालू राहतं, आणि त्याला लागणारी ऊर्जा वाहत्या पाण्यातूनच मिळते. रेग्युलेटरमध्ये पाण्याच्या जागी हवा आणि वायसरच्या जागी झडप, एवढाच फरक.

फर्स्ट स्टेजमधला पिस्टन नळीतला दाब उतरला की उघडतो, पुरेसा चढला की मिटतो. पण पिस्टनला वजन आहे आणि दाबाचा निरोप पोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून तो दर वेळी जरा जास्तच पुढे जातो, मग जरा जास्तच मागे येतो. ही ये-जा शमवतं कोण? मुख्यतः पिस्टनभोवतीच्या ओ-रिंगचं, म्हणजे रबरी कड्याचं, घर्षण. यंत्रात घर्षण म्हणजे शत्रू अशी आपली समजूत असते, इथे ते हवंच असतं. रिंग झिजली किंवा तिच्यावरचं ग्रीस सुकलं की पिस्टनला आवर राहत नाही. हे ग्रीसही कुठलंही चालत नाही. पेट्रोलियमचं ग्रीस आणि जास्त ऑक्सिजनचा गॅस एकत्र आले तर आग लागू शकते.

खोलीचाही संबंध आहे. ३० मीटरवर भोवतालचा दाब ४ बार असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात पृष्ठभागाच्या चौपट हवा झडपांतून जाते. वर निमूट असलेला रेग्युलेटर खाली घुमू लागतो तो यामुळे. उलटही घडतं. टेबलावर हुंकारणारा रेग्युलेटर पाण्यात गप्प होतो, कारण पडद्याला आणि फर्स्ट स्टेजच्या उघड्या पोकळीला भिडलेलं पाणी थरथर शोषून घेतं. म्हणून कोरड्यात घुमला की सरळ भंगारात काढायचा नसतो. आधी बादलीत बुडवून बघायचं.

शोध कसा घ्यायचा? पहिला प्रश्न: आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? सोडताना येत असेल तर संशय बाहेर जाणाऱ्या वाटेवरच्या सिलिकॉनच्या चकतीवर. तिच्याखाली वाळूचा कण किंवा केस अडकला तरी ती फडफडते, आणि मग तोंडात थोडं पाणीही येतं.

घेताना येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे का ते आधी बघा. अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हची खूण नेमकी असते: प्रत्येक श्वासागणिक दाबाच्या गेजचा काटा खाली जातो आणि परत येतो. नीट उघडला असेल तर काटा जागचा हलत नाही. हा तपास फुकटचा आहे, तरी घाईत तोच राहतो.

मग ऑक्टोपस, म्हणजे जोडीला असलेली दुसरी सेकंड स्टेज, तोंडात धरून श्वास घ्यायचा. दोन्हींवर घुमत असेल तर संशय फर्स्ट स्टेजवर जातो. एकीवरच घुमत असेल तर तीच सेकंड स्टेज किंवा तिची नळी. नळीतल्या हवेच्या स्तंभाला स्वतःचा सूर असतो. वेगळ्या लांबीची नळी लावल्यावर सूर बदलला किंवा आवाजच गेला, तर झडप आणि नळी यांचा सूर जुळला होता असं समजायचं. सुटा घेतलेला प्रत्येक भाग अशा वेळी निर्दोष निघू शकतो.

हे नवं नाही. १९४२-४३ च्या हिवाळ्यात फ्रेंच नौदल अधिकारी झाक कूस्तो यांनी एमिल गान्यां या अभियंत्याच्या रेग्युलेटरची चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत घेतली. उभं राहिलं की हवा भसाभस वाहून जाई, डोकं खाली केलं की ओढायला जड जाई. मोडलेलं काहीच नव्हतं. हवा बाहेर पडण्याची जागा आणि पडदा यांच्या पातळीत थोडं अंतर होतं, त्यामुळे दोन ठिकाणी पाण्याचा दाब वेगळा पडत होता. दोन्ही शेजारी आणल्यावर काम झालं.

पुढचं काम तंत्रज्ञाचं. तो नळीवर दाबमापक लावतो. श्वास घेताच काटा थोडा उतरून झटकन एका जागी स्थिर व्हायला हवा. हळूहळू वर सरकत राहिला तर झडपेची बैठक खराब. मग हवा आत येते तिथली धातूची जाळी बघतात. ती हिरवट दिसली तर समुद्राचं पाणी आत गेलंय, तांबूस असेल तर पोलादी टाकीतला गंज. जाळी चोंदली की फर्स्ट स्टेजची उपासमार होते आणि खोलीवर श्वास जड होतो. तारकर्लीत असो की गोव्यात, धुताना हवा आत येण्याच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे डस्ट कॅप, लावायची आणि बुडवलेला असताना सेकंड स्टेजची झडप हाताने उघडणारं पर्ज बटण दाबायचं नाही, एवढं पाळलं तरी जाळी हिरवी होण्याची वेळ सहसा येत नाही.

बहुतेक सेकंड स्टेज अशा घडवलेल्या असतात की बिघडल्या तर बंद पडण्याऐवजी हवा वाहती राहते. म्हणून घुमायला लागल्याबरोबर घाबरून वर उसळी मारायची नसते, तसा डाइव्ह पुढेही रेटायचा नसतो. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे डोलवत बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण करायची, ऑक्टोपस तोंडात घ्यायचा आणि नेहमीच्या वेगाने वर यायचं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरी उघडायचं हे यंत्र नव्हे.