महामारी आणि कर्करोग शस्त्रक्रिया (पुणे)

साथीच्या काळात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडणे, रद्द होणे किंवा त्यांच्या जागी दुसरे उपचार योजावे लागणे. ही नोंद मुख्यतः पुण्यातील २०२०–२१ च्या कोविड साथीपुरती आहे.

अडचणीचे मूळ ‘नियोजित’ या शब्दात आहे. रुग्णालयाच्या वहीत शस्त्रक्रिया दोनच प्रकारच्या: तातडीच्या आणि नियोजित. अपघात, फुटलेले अपेंडिक्स, अडलेली बाळंतीण पहिल्या रकान्यात. कर्करोगाची गाठ मात्र हर्निया आणि मोतीबिंदूच्या पंगतीला. साथ आली की दुसरा रकाना आधी बंद होतो. हर्निया सहा महिने थांबेल, गालातली गाठ थांबत नाही. २०२० साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.

राज्यातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. ससून या सरकारी रुग्णालयाची नवी अकरा मजली इमारत एप्रिलमध्ये कोविडसाठी दिली गेली, मे महिन्यात राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रणाखाली घेतल्या आणि ऑगस्टअखेर सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले. खाटा अशा वाढवता येतात. भूलतज्ज्ञ वाढवता येत नाहीत. अन्ननलिकेच्या किंवा जबड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णाला एक-दोन दिवस तरी अतिदक्षता विभाग लागतो, प्रसंगी व्हेंटिलेटरही. तिथे कोविडचे रुग्ण, आणि भूलतज्ज्ञही तिथेच, श्वासनलिकेत नळ्या घालण्यात गुंतलेले. सर्जन मोकळा असून तारीख मिळत नाही, ती अशी.

तोंडाच्या कर्करोगाची कथा आणखी वेगळी. तंबाखू-मिश्रीमुळे हा आजार आपल्याकडे भरपूर, आणि विषाणूचा मुक्कामही नाका-घशातच. हाड कापताना, गळ्याला छिद्र पाडताना उडणारे सूक्ष्म तुषार थेट सर्जनच्या तोंडावर. त्यात शस्त्रक्रियागृहातली हवा एरवी बाहेर ढकलली जाते, जंतू आत येऊ नयेत म्हणून. कोविडमध्ये हीच सोय उलटी पडली: त्या हवेबरोबर विषाणूही बाहेर जाणार. कुठे एसी बंद ठेवून, पीपीई किटमध्ये घामाने निथळत, गॉगलवर धुके धरलेले असताना तासन्‌तास काम चाले.

पुण्यात उपचारांना येणारे अनेक रुग्ण सोलापूर, नगर, बीडकडचे. एसटी बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास, आल्यावर स्वॅब, सोबत एकच नातेवाईक. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० मध्ये, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या आणि नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी. दुसरा आकडा अधिक गंभीर मानायला हवा: ज्याची नोंदच नाही, त्याची शस्त्रक्रिया ‘पुढे ढकलली’ असेही म्हणता येत नाही.

पर्याय होते, पण सगळ्यांसाठी नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत संप्रेरकविरोधी (हार्मोन रोखणाऱ्या) गोळ्यांवर काही महिने काढता येतात. काहींत केमोथेरपी आधी घेता येते. तोंडाच्या कर्करोगात मुख्य उपचार शस्त्रक्रियाच.

शस्त्रक्रिया थांबवणे अटळच होते, असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. त्यांत एकही मृत्यू झाला नाही. ६१ देशांतील २०,००६ रुग्णांच्या अभ्यासात, निर्बंध सौम्य असताना ठरलेली शस्त्रक्रिया न होण्याचे प्रमाण ०.६ टक्के होते, पूर्ण टाळेबंदीत १५ टक्के. कोविडविरहित वेगळा विभाग राखणे हा त्यावरचा उपाय. ज्या रुग्णालयाला एकच इमारत आणि एकच जिना, तिथे तो कागदावरच राहतो.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, आणखी एक रांग लागली: म्युकरमायकोसिसची. बुरशीने सडलेला वरचा जबडा काढायचे काम कान-नाक-घसा आणि मुखशल्य तज्ज्ञांकडे आले. वरच्या जबड्याच्या कर्करोगासाठीही हेच हात लागतात, आणि म्युकरचा रुग्ण साहजिकच ‘तातडीच्या’ रकान्यात होता.