खेळातला अथांग खड्डा कोणी खणला?

धुळ्याहून साक्री-नंदुरबारच्या बाजूला निघालं की शेतांतून उठलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, काही तर कित्येक किलोमीटर. नवख्याला वाटावं, कुण्या राजाने तट बांधायला घेतला आणि अर्धवट सोडला. प्रत्यक्षात हे डाईक आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, त्या काळात जमिनीतल्या भेगांत शिरून गोठलेला हा खडक. भोवतालची जमीन लवकर झिजली आणि भिंत उघडी पडली.

पात्राची भूमिका घेऊन काल्पनिक जगात फिरायच्या ऑनलाइन खेळांतही अशा जागा भेटतात. सपाट माळावर अचानक तळ नसलेला खड्डा, डोंगराला पट्टीने कापल्यासारखी दरड, सुयांसारखी शेकडो शिखरं. खेळाडू त्यांना शापित नगरीच्या, गाडलेल्या देवतेच्या कथा जोडतात, आणि त्या कथा छानच असतात. पण जागा कशी घडली हे शोधायचं तर डाईकसारखंच करावं लागतं: जमीन तयार होण्याची रीत पाहायची.

खेळातली जमीन म्हणजे उंचीच्या आकड्यांचं जाळं. सातपुड्यासारखा डोंगर हवा असेल तर खरीखुरी उंचीच घेता येते. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला, ती माहिती मोफत मिळते. शहादा, नंदुरबार, शिरपूर आणि तोरणमाळ हे सगळं 21 अंश उत्तर, 74 अंश पूर्व या कोपऱ्यापासून सुरू होणाऱ्या एकाच फाइलमध्ये बसतं. तिच्यात 3601 ओळी आणि 3601 स्तंभ, प्रत्येक आकडा दोन बाइटचा, म्हणून फाइल बरोबर 2,59,34,402 बाइटची. उत्तर-दक्षिण दोन बिंदूंत सुमारे 31 मीटर अंतर असतं, पूर्व-पश्चिम मात्र आपल्या अक्षांशावर साधारण 28.7. हा फरक विसरून चौरस नकाशा केला की खानदेश आडवा सात टक्के ताणला जातो.

अथांग खड्ड्याचं मूळ याच फाइलमध्ये आहे. उभ्या कड्यांच्या आड रडारला जमीन दिसत नाही. मूळ फाइलमध्ये अशा जागी -32768 हा आकडा भरलेला असतो, त्याचा अर्थ ‘माहिती नाही’. खेळाच्या इंजिनाला, म्हणजे खेळाचं जग उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरला, हा संकेत कळत नाही, ते त्याला खोली समजतं. पुढचा घोटाळा आणखी मोठा. सर्वांत कमी आकड्याला शून्य आणि सर्वांत जास्त आकड्याला 65535 (दोन बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा) असं ताणताना ती खोटी खोलीही मापात येते. जमिनीची कमाल उंची 1200 मीटर ठेवली असेल तर अख्खा सातपुडा जेमतेम 42 मीटरचं टेकाड उरतो, आणि त्यात अकराशे मीटरहून खोल विहीर. उपाय सोपा आहे, पण आधी करायला हवा: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल नोडेटा’ चालवून भोवतालच्या उंचीवरून ती भोकं भरायची आणि मगच ताणायचं.

सुयांची शिखरं येतात बाइटच्या क्रमातून. या फाइलमध्ये प्रत्येक आकड्याच्या दोन बाइटपैकी मोठा बाइट आधी असतो, विंडोजच्या पद्धतीत लहान आधी. युनिटी या खेळाच्या इंजिनात उंचीची रॉ फाइल आत घेताना ‘बाइट ऑर्डर’ चुकीचा निवडला की 100 मीटरचे 25,600 होतात आणि 101 चे 25,856. जिथे एक मीटरचा चढ होता तिथे 256 मीटरचा कडा. तापीकाठची सपाट काळी जमीनसुद्धा काट्यांचं रान होते.

डोंगरउतारावर शेताच्या बांधांसारख्या सलग पायऱ्या दिसल्या तर उंची 8 बिटमध्ये साठवली आहे. 1200 मीटर 256 भागांत वाटले की प्रत्येक पायरी पावणेपाच मीटरची. 16 बिटला तीच पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास येते.

सरळ दरडींचं कारण तुकडे जोडण्यात आहे. मोठं जग एका दमात लोड होत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाचा नकाशा 64 गुणिले 64 खणांचा, प्रत्येक खण 533.33 यार्डांचा. शेजारच्या दोन खणांनी काठाची ओळ सामाईक ठेवायची असते, म्हणून तर वरच्या फाइलमध्ये 3600 ऐवजी 3601 ओळी आहेत. आधी तुकडे केले आणि पावसाने होणारी जमिनीची धूप दाखवणारं गणित प्रत्येकावर वेगळं चालवलं की काठ जुळत नाहीत. धूप आधी संपूर्ण नकाशावर चालवावी, कापाकापी नंतर.

आकडे संपल्यामुळेही भूगोल बिघडतो. ठोकळ्यांनी बनलेल्या जगाचा माइनक्राफ्ट हा काटेकोर अर्थाने भूमिकेचा खेळ नव्हे, पण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरीकडे मिळत नाही. त्याच्या जुन्या आवृत्तीत केंद्रापासून सुमारे 1,25,50,820 ठोकळ्यांवर जमीन संपून पोखरलेली प्रचंड भिंत उभी राहायची. डोंगर घडवणाऱ्या सूत्रात दर ठोकळ्याला 171.103 ची भर पडत होती आणि 32 बिटच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे 2,14,74,83,647. भागाकार करून पाहा, भिंत तिथेच सापडते. 2011 मध्ये सूत्र बदललं आणि भिंत गेली.

काही गूढ जागा निव्वळ सोयीच्या असतात. रूनस्केप या खेळात शिडीने तळघरात उतरलेला खेळाडू खाली जातच नाही. त्याला नकाशावर 6400 चौकटी उत्तरेला नेऊन ठेवतात. आणि दूरचा एकाकी मनोरा बहुधा मुद्दाम वाट दाखवायला उभा केलेला असतो, मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला दिसला की धुळं आलं म्हणतात तसा.

आता पुन्हा डाईककडे. काही मीटर रुंदीची भिंत 30 मीटरच्या दोन बिंदूंमध्ये निसटते किंवा बुजून जाते. म्हणजे खऱ्या उंचीवरून केलेल्या खेळातल्या खानदेशात, खानदेशची सर्वांत गूढ खूणच नीट उमटत नाही. ती हवीच असेल तर उपग्रहचित्रावरून रेघ आखून घ्यावी, आजूबाजूची जमीन न हलवता तेवढाच पट्टा उचलावा आणि नाला जिथे आडवा जातो तिथे खिंड ठेवावी. ती खिंड विसरली की पाणी भिंतीवर चढताना दिसतं.