ममी नसलेल्या थडग्याचा मालक कसा ओळखला गेला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये इजिप्तच्या पर्यटन व पुरातत्त्व मंत्रालयाने प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा थुतमोस याचे थडगे सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक बातम्यांनी त्याला ‘तूतनखामेननंतर सापडलेले पहिले राजथडगे’ म्हटले. ते खरे नाही, कारण पहिल्या सुसेनेसचे थडगे तानिस येथे १९४० मध्येच उघडले गेले होते आणि २०१४ मध्ये अबायडॉसला सेनेबकाय या राजाचेही थडगे मिळाले होते. या गाजावाजात अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला: ज्या थडग्यात ममी नव्हती, शवपेटीही नव्हती, ते अमुक राजाचेच हे कशावरून ठरले?

पियर्स लिथरलँड यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश-इजिप्ती पथकाला २०२२ मध्ये लक्सरच्या पश्चिमेकडील डोंगरदऱ्यांत या थडग्याचे प्रवेशद्वार दिसले. जवळच तिसऱ्या थुतमोसच्या राण्यांची थडगी आहेत आणि पुढे स्वतः राज्यकर्ती झालेल्या हतशेपसुतने राणी असताना स्वतःसाठी खोदवून घेतलेले थडगेही आहे. त्यामुळे हेही एखाद्या राणीचे असावे, असा प्रथम तर्क झाला.

आत गाळ भरलेला होता. तो उपसताना गळून पडलेल्या गिलाव्याचे तुकडे मिळाले आणि त्यांवर छताच्या निळ्या रंगात पिवळे तारे होते, तसेच ‘अम्दुआत’ या ग्रंथाचे अंशही होते. सूर्यदेवाचा रात्रीच्या बारा तासांतील पाताळप्रवास सांगणारा हा ग्रंथ त्या काळात जवळजवळ केवळ राजांच्याच थडग्यांत रंगवला जाई. गिलावा थडग्याचाच भाग असल्यामुळे तो बाहेरून कोणी आणून ठेवला, ही शंका उरत नाही. थडगे राजाचे आहे एवढे यावरून कळले, पण कोणत्या राजाचे, हे त्यावरून कळत नव्हते.

उत्तर मिळाले ते अलाबास्टर या मऊ दगडाच्या भांड्यांच्या तुकड्यांवर. येथे मात्र सावध राहावे लागते, कारण एखाद्या वस्तूवर नाव आहे म्हणून थडगे त्या व्यक्तीचे ठरत नाही. तूतनखामेनच्या थडग्यात राणी तिये हिच्या नावाच्या चिमुकल्या शवपेटीत तिच्या केसांची बट होती, तरी ते थडगे तियेचे नव्हे. घराण्यातील जुन्या वस्तू, भेटी, आठवणी अशा कितीतरी गोष्टी मृताबरोबर पुरल्या जात. म्हणून नावापेक्षा त्याच्यासोबतचे शब्द अधिक बोलके असतात. या तुकड्यांवर दुसऱ्या थुतमोसचा उल्लेख दिवंगत राजा म्हणून आहे आणि त्याची पट्टराणी हतशेपसुत हिचेही नाव आहे. राजा जिवंत असताना वापरातले भांडे असते, तर त्याला दिवंगत म्हणण्याचे कारण नव्हते. भांडी त्याच्या मृत्यूनंतर, दफनासाठीच घडवलेली होती आणि अंत्यविधीची व्यवस्था हतशेपसुतने पाहिली, असा निष्कर्ष त्यामुळे निघतो. राजाचे छत आणि राजाच्या दफनाची भांडी एकाच थडग्यात मिळाली, म्हणूनच मालकाची ओळख पक्की झाली.

मग बाकीचे सामान कुठे गेले? हे थडगे एका धबधब्याच्या मार्गात खोदलेले असल्याने दफनानंतर लवकरच त्यात पुराचे पाणी शिरले आणि राजाला सामानासह दुसरीकडे हलवण्यात आले, असे संशोधकांचे मत आहे. तुकडे त्या हलवाहलवीत फुटलेल्या भांड्यांचे असावेत. दुसऱ्या थुतमोसची मानली जाणारी ममी तर १८८१ मध्येच लक्सरजवळच्या देर अल-बहारी येथील गुप्त कोठडीत इतर अनेक राजांच्या ममींसोबत मिळाली होती, कारण पुढील काळातील पुरोहितांनी लुटारूंपासून वाचवण्यासाठी राजांचे देह एकत्र आणून लपवले होते. मृतदेह जिथे सापडतो ते त्याचे मूळ थडगे असेलच असे नाही. अशा शोधांच्या बातम्यांना ‘फेरोच्या शापा’ची, म्हणजे राजाचे थडगे उघडणारा लवकर मरतो या समजुतीची, फोडणी देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तूतनखामेनचे थडगे १९२२ मध्ये शोधणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला.