ड्रुपल कधी अपग्रेड करायचं? या प्रश्नामागचा इतिहास

ड्रुपल म्हणजे वेबसाइट उभी करायचं आणि चालवायचं खुलं सॉफ्टवेअर. 5 जानेवारी 2025 रोजी ड्रुपल 7 चा अधिकृत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, थांबला. ही आवृत्ती 5 जानेवारी 2011 ची, म्हणजे तिने बरोबर 14 वर्षं काढली. मुळात तिचा सपोर्ट नोव्हेंबर 2021 मध्येच थांबायचा होता. कोविडच्या काळात तो नोव्हेंबर 2022 पर्यंत लांबला, नंतर नोव्हेंबर 2023 पर्यंत आणि शेवटी जानेवारी 2025 पर्यंत. मुदत तीनदा वाढली, कारण वेबसाइटवाले हलतच नव्हते. त्याला नुसता आळस म्हणणं अन्यायाचं होईल.

ड्रुपलचा कोड 2001 मध्ये त्याचे जनक ड्रीस बाउटार्ट यांनी सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून प्रकल्पाचं एक धोरण होतं: मोठी आवृत्ती बदलताना तुमचा डेटा पुढे येईल, कोड मात्र मोडला तरी चालेल. मजकूर, युजर, कॉमेंट नव्या आवृत्तीत नेण्याची सोय असे. पण मॉड्यूल (जादा सोयी देणारे जोड-भाग) आणि थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) नव्याने लिहाव्या लागत. त्यामुळे अपग्रेडची वेळ ड्रुपलच्या वेळापत्रकावर ठरत नसे. आपण वापरतो त्यातलं सर्वांत मागे राहिलेलं मॉड्यूल कधी तयार होतं, त्यावर ती ठरे. ड्रुपल 6 फेब्रुवारी 2008 मध्ये आलं, पण याद्या दाखवणारं व्ह्यूज मॉड्यूल त्यासाठी तयार व्हायला कित्येक महिने गेले. त्याच्याशिवाय बहुतेक मोठ्या साइट चालतच नसत. नवी आवृत्ती आली की निदान सहा महिने थांबायचं, ही सवय तिथली. ती त्या काळी शहाणपणाचीच होती.

ड्रुपल 8 (19 नोव्हेंबर 2015) आलं आणि जुन्या-नव्या आवृत्तीतली दरी आणखी रुंदावली. गाभ्यात सिम्फनी या पीएचपी भाषेतल्या तयार कोडसंचाचे भाग आले, थीमचे साचे लिहायला ट्विग आलं, मॉड्यूलची रचना बदलली. अपडेटची स्क्रिप्ट चालवून 7 वरून 8 वर जाता येत नव्हतं. कोरी साइट उभी करायची आणि मायग्रेट मॉड्यूलने जुना मजकूर तिच्यात ओढायचा, एवढाच मार्ग उरला. फेब्रुवारी 2016 मध्ये पवईला आयआयटी मुंबईत ड्रुपलकॉन आशिया हे ड्रुपलवाल्यांचं संमेलन भरलं, तेव्हा ड्रुपल 8 जेमतेम तीन महिन्यांचं होतं आणि ड्रुपल 6 चा सपोर्ट 24 फेब्रुवारीला संपत होता. 6 वर असलेल्यांपुढे ड्रुपलमध्ये दोनच पर्याय होते: 7 वर जाऊन काही वर्षांनी पुन्हा तेच करायचं, किंवा मॉड्यूल अपुरी असताना 8 वर उडी मारायची. बॅकड्रॉप हा तिसरा रस्ता जानेवारी 2015 मध्ये निघाला होता. ड्रुपल 7 वरूनच फुटलेली ती शाखा, म्हणून 7 वाल्यांना तिच्यात थेट अपग्रेड होता येतं. लहान संस्थांच्या साइटसाठी हा पर्याय जितका विचारात घ्यायला हवा होता तितका घेतला गेला नाही.

थांबण्याची किंमत मात्र दुसरीकडेच वाढत होती. 15 ऑक्टोबर 2014 रोजी ड्रुपल 7 मधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरच्याला डेटाबेसवर हवे ते हुकूम चालवू देणारं) भगदाड जाहीर झालं आणि 7.32 मध्ये बुजवलं गेलं. ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमने नंतर स्पष्टच सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत पॅच (दुरुस्तीचा कोड) न लावलेली प्रत्येक साइट फुटली आहे असं समजा. भारतीय वेळेनुसार ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. सकाळी ऑफिसात येऊन पॅच लावणाऱ्यालाही उशीरच झाला होता. फुटलेल्या साइटवर नुसता पॅच लावून भागत नाही, कारण मागचं दार आधीच उघडून ठेवलेलं असू शकतं. आधीचा बॅकअप काढून साइट त्यावरून पुन्हा उभी करावी लागते.

28 मार्च 2018 च्या दुसऱ्या भगदाडाची सूचना निदान आठवडाभर आधी आली. पॅच 7 आणि 8.5 साठी होताच. गंभीरपणा पाहून सपोर्ट संपलेल्या 8.3 आणि 8.4 साठीही तो दिला गेला, पण तो अपवाद होता. साधारण दोन आठवड्यांत हल्ल्याचा कोड सार्वजनिक झाला. पॅच आणि आवृत्ती या दोन गोष्टींची गल्लत इथेच महागात पडते. सुरक्षेचा पॅच त्याच दिवशी लावायचा असतो. मोठ्या आवृत्तीचा निर्णय सावकाश घेता येतो, पण सपोर्ट चालू असेपर्यंतच.

ड्रुपल 8 पासून धोरणच बदललं. दर सहा महिन्यांनी छोटी आवृत्ती, जुनं झालेलं एपीआय (मॉड्यूल ज्यातून गाभ्याशी बोलतात तो भाग) आधी कालबाह्य म्हणून जाहीर करायचं आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढून टाकायचं. 3 जून 2020 ला 8.9 आणि 9.0 एकाच दिवशी आल्या. 9.0 म्हणजे मुख्यतः 8.9 मधून हा जुना भाग वगळलेला आणि अवलंबून असलेले घटक नवे केलेले. तारखाही आता त्या घटकांवरून ठरू लागल्या. सिम्फनी 3 चा सपोर्ट नोव्हेंबर 2021 मध्ये संपला, म्हणून ड्रुपल 8 तेव्हाच संपलं. सिम्फनी 4 नोव्हेंबर 2023 मध्ये संपलं, त्याबरोबर ड्रुपल 9. शिवाय होस्टिंगवरचं पीएचपी, म्हणजे ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय तिची आवृत्ती, बघावं लागतं: ड्रुपल 10 ला किमान 8.1 लागतं, 11 ला 8.3. शेअर्ड होस्टिंगवाला जुनं पीएचपी काढून टाकतो तेव्हा तुमची साइट कुठल्या आवृत्तीवर आहे हे तो विचारत नाही.

आजच्या साइटला त्यामुळे ‘सहा महिने थांबा’ हा नियम आंधळेपणाने लावू नये. अपग्रेड स्टेटस मॉड्यूल टाकून कुठली मॉड्यूल तयार आहेत याची यादी बघावी. सगळी मॉड्यूल तयार असतील तर थांबण्यात काही मिळत नाही. एखादंच अडत असेल तर त्याचा मेंटेनर (ते सांभाळणारा) अजून काम करतो का, हे आधी तपासावं.

बहुतेक अपग्रेड अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. ड्रुपल 11 मधून बुक, फोरम, स्टॅटिस्टिक्स, टूर हे भाग गाभ्याबाहेर गेले. नको असलेले भाग 10 वर असतानाच अनइन्स्टॉल करायचे, हवे असलेल्यांची वेगळी मॉड्यूल कंपोझरने (पीएचपीचे कोड-संच उतरवणाऱ्या साधनाने) आधी आणून ठेवायची. कोड आधी बदलला तर डेटाबेस त्या मॉड्यूलला चालू समजतो आणि फाइल मात्र सापडत नाही. 11 वर जाताना साइट आधी किमान 10.3 वर हवी. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइल दोन्ही एकाच वेळच्या हव्यात. आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) कंपोझर चालवावा, मग डेटाबेस अपडेट, मग कॅशे साफ.

7 वरून येणाऱ्या जुन्या मराठी साइटवर एक खास अडचण निघते. युनिकोड रुळण्यापूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पानं डेटाबेसमध्ये देवनागरी नसतातच. तिथे लॅटिन अक्षरं असतात आणि जुनी थीम तो फॉन्ट लावून त्यांना मराठी रूप देते. नव्या थीममध्ये तो फॉन्ट नसतो आणि पानभर निरर्थक रोमन चिन्हं दिसतात. मायग्रेशनमध्ये एरर येत नाही, कारण मजकूर जसाच्या तसा उतरलेला असतो. अशी पानं ओढण्याआधीच फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.