सायलेन्सर कधी उघडला होता का?
(फ्यूल मॅप अपडेटसाठी मोटरसायकल आणण्यापूर्वी वाचावे)

"मॅप टाकायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न फोनवर रोज येतो. मॅप म्हणजे इंजिनात कधी किती पेट्रोल फवारायचं त्याचा तक्ता. तो टाकायला पाच-सात मिनिटं पुरतात. त्याआधी गाडी मोजायला अर्धा दिवस लागतो. आणि सायलेन्सर पूर्वी कधी काढून जुन्याच गॅस्केटवर (सांध्यातली फट बंद करणारी रिंग) परत बसवलेला असेल, तर अर्ध्याचा पूर्ण दिवस होतो. हे पत्रक खरं तर त्या शेवटच्या वाक्यासाठी छापलंय. घाई असेल तर "फुगे" एवढा भाग वाचून घ्या, बाकीचं चहा पिताना.

गाडी आचके का देते

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटर जवळजवळ इतिहासजमा झाला. आता किती पेट्रोल फवारायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याच्या पोटात एक तक्ता असतो: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडा आहे ते किंवा इनटेकमधला दाब. प्रत्येक चौकोनात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा आकडा. यालाच आपण मॅप म्हणतो.

कंपनी हा तक्ता फक्त तुमच्यासाठी बनवत नाही. बाडमेरच्या उन्हाळ्यात, लेहच्या थंडीत, प्रदूषण चाचणीत आणि अ‍ॅव्हरेजच्या जाहिरातीत, सगळीकडे तो चालावा लागतो. शिवाय संथ चालीत बेंड पाइपमधला (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सतत एका ठरलेल्या जागी खेचून आणतो. साध्या पेट्रोलच्या हिशेबात ती जागा म्हणजे वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच सगळ्यात चांगलं काम करतो. इंजिनाला मात्र गुळगुळीत चालायला थोडं जास्त पेट्रोल आवडतं. म्हणून पुण्यात नवले पुलाच्या रांगेत, दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल जेमतेम उघडा असताना गाडी हुंदके देते, तुम्ही अर्धा क्लच दाबून चालवता आणि पोटऱ्या भाजतात. ही कंपनीची चूक नाही, तडजोड आहे. ती तडजोड तुमच्या एका गाडीपुरती थोडी सैल करायची, एवढंच आम्ही करतो.

गेल्या दोन वर्षांत चौकशा वाढल्यात त्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं आणि १४.७ चा आकडा ई-२० ला साधारण १३.५ वर येतो. सेन्सरचं ऐकून ईसीयू चालतो तिथे तो हे सांभाळून घेतो. पण थ्रॉटल जोरात उघडलात की ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, थेट तक्त्यावर चालतो. तक्ता जुन्या पेट्रोलचा असेल तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हे मॅपने सुधारतं. पेट्रोलचे पाइप किंवा सील खराब होत असतील तर ते सॉफ्टवेअरचं काम नाही, ते वेगळं बदलून घ्या.

फुगे

आता मुद्द्यावर येतो.

आम्ही गाडी डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजायचं मशीन) चढवतो, धुरात आमचा वाइडबँड सेन्सर लावतो आणि एकेक चौकोन मोजत जातो. म्हणजे धुरात किती ऑक्सिजन उरलाय यावरून आत किती पेट्रोल गेलं ते ताडतो. बेंड पाइपला जरा जरी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. लोक म्हणतात, "सायलेन्सरमधून हवा बाहेर जाईल, आत कशी येईल?" धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली येतो आणि फटीतून हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं, इंजिन उपाशी आहे. गाडीचा स्वतःचा सेन्सरही तेच समजतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. प्लग काळा, अ‍ॅव्हरेज खाली, वर आचके तसेच. हा घोळ सगळ्यात जास्त होतो कमी आरपीएमला, म्हणजे नेमकी तुमची तक्रार असते तिथेच. अशा गाडीवर मॅप बनवला तर तो त्या फटीचा मॅप होतो, तुमच्या गाडीचा नाही.

आमच्या फॉर्मवर पूर्वी प्रश्न होता: "बाहेरचा सायलेन्सर बसवला आहे का?" संगमनेरहून एकजण पहाटे निघून आले, फॉर्मवर "नाही" लिहिलं. खोटं नव्हतं. मावसभावाने दिवाळीत हौसेने दुसरा सायलेन्सर लावला होता, पोलिसांच्या भीतीने दोन महिन्यांत काढला आणि आमच्याकडे यायचं म्हणून मूळचा परत बसवला. गाडी दिसायला शोरूममधून आल्यासारखी. आम्ही डायनोवर दोन तास काढले. अडीच हजार आरपीएमला पेट्रोल वाढवू तेवढं वाढवू, आकडा लीनच दाखवत राहिला. तीन हजारांच्या पुढे अचानक शहाणा. शेवटी गाडी उतरवली, थंड होऊ दिली, सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा कोंबला, व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावली आणि बेंडवर साबणाचं पाणी फवारलं. इंजिनाच्या हेडजवळ, नटाच्या मागे, जिथे आरशाशिवाय दिसत नाही तिथे, बोटाच्या पेराएवढ्या जागेतून बारीक बारीक फुगे येत होते. मूळची गॅस्केट रिंग एकदा दाबली गेली की चपटी होते, दुसऱ्यांदा ती भरून निघत नाही. भावाने तीच परत घातली होती. शंभर-दीडशेची रिंग. ती इथे मिळायला दुपार झाली, मॅप दुसऱ्या दिवशी झाला आणि गृहस्थ रात्री नातेवाइकांकडे राहिले.

तेव्हापासून फॉर्मवर प्रश्न बदललाय: "शोरूममधून आल्यापासून सायलेन्सर किंवा बेंड पाइप कधीही, कोणत्याही कारणाने उघडला होता का?" पंक्चरवाल्याने मागचं चाक काढताना सैल केला असेल तरी "हो" लिहा. सेकंडहँड गाडी असेल तर "माहीत नाही" लिहा, तेही चालतं. "हो" लिहिल्याने पैसे वाढत नाहीत. उलट आम्ही रिंग आधीच मागवून ठेवतो.

हाच नियम हवेच्या तापमानाच्या सेन्सरवर लावायच्या त्या छोट्या डबीला. ऑनलाइन स्वस्तात मिळते. आत एक रेझिस्टर असतो, तो ईसीयूला सांगतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे. ईसीयू बिचारा सगळीकडे पेट्रोल वाढवतो. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ते वाढलेलं पेट्रोल परत काढून घेतो, म्हणून महिनाभराने "पहिल्यासारखंच झालं" वाटतं. लावली असेल तर काढून आणा, निदान सांगा तरी. सीटखाली टेपमध्ये गुंडाळलेली ती डबी शोधण्यात आमचा मुलगा तरबेज झालाय, पण त्याचा पगार तुमच्याच बिलातून निघतो.

तपासणीचे पैसे वेगळे का

काहींना राग येतो की मॅप न टाकताच आम्ही आठशे रुपये घेतले. एअर फिल्टर चोंदलेला, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) ढिले, थ्रॉटल बॉडीचं रबर तडकलेलं, अशा गाडीवर मॅप टाकून पैसे घेणं सोपं आहे. दोन आठवडे बरी वाटते, मग सर्व्हिसिंग झालं की सगळं उलटं. आम्ही गाडी परत पाठवतो, दुरुस्त करून आणली की ते आठशे मॅपच्या बिलातून वजा. सांगायचं म्हणजे, तपासणीला आलेल्या बऱ्याच गाड्यांचे आचके फिल्टर, प्लग आणि टॅपेट यांनीच जातात. मग आम्ही मॅप सुचवत नाही. धंद्याला बरं नाही हे, पण ती माणसं पुढच्या गाडीला परत येतात.

त्याआधी एक फुकटचा सल्ला: तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय का, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. आलं असेल तर ते आधी घ्या. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

"मित्राच्या गाडीचा मॅप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा" असंही लोक विचारतात. तीच गाडी, तेच वर्ष असलं तरी ईसीयूच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते, फिल्टर वेगळा असतो, टॅपेट वेगळे असतात. न मोजता टाकलेला मॅप म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

काय मिळेल, काय मिळणार नाही

पॉवर फार वाढत नाही. सिंगल सिलिंडरला एक-दोन हॉर्सपॉवर वाढली तरी ती डायनोच्या कागदावर जास्त दिसते, रस्त्यावर कमी. फरक जाणवतो तो ट्रॅफिकमध्ये: तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता ओढते, थ्रॉटल सोडून परत दिला की झटका बसत नाही. अ‍ॅव्हरेज तेवढंच राहतं किंवा किंचित कमी होतं. वाढेल असं आम्ही कोणाला सांगत नाही.

लडाखला जाणाऱ्यांनी वेगळा मॅप मागू नये. हवेचा दाब ईसीयू स्वतः मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी करतो. तिथली उमलिंग ला खिंड ५,७९८ मीटरवर आहे. अशा उंचीवर पॉवर पडणार ती हवाच विरळ म्हणून, मॅपमुळे नाही.

सायलेन्सरमधून फटाके वाजवणारा मॅप आम्ही करत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढत नाही, ऑक्सिजन सेन्सर बंद करत नाही. काही ईसीयूंमध्ये त्या सेन्सरचं लक्ष्य किंचित रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूला सरकवता येतं, तेवढंच करतो आणि पीयूसी मशीनवर तपासून गाडी देतो. पुण्यात कर्कश आवाजाच्या जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते सगळ्यांनी पाहिलंय.

वॉरंटीचं स्पष्ट सांगतो: वॉरंटीत असलेल्या गाडीचं सॉफ्टवेअर बदललं, तर इंजिनाच्या तक्रारीला कंपनी नकार देऊ शकते. घाई नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. आम्ही कुठे जात नाही. प्रत्येक गाडीचा मूळ मॅप आमच्याकडे जपून ठेवतो, मागाल तेव्हा परत टाकून देतो. सर्व्हिस सेंटरने अपडेट केलं की आमचा मॅप पुसला जातो. असं झालं तर वर्षभरात एकदा फुकट परत टाकतो. मात्र त्या मधल्या काळात सायलेन्सर किंवा फिल्टर बदललात तर पुन्हा मोजावं लागेल.

गाडी कशी आणायची

सर्व्हिसिंग होऊन पाचशे-हजार किलोमीटर झालेली असावी. टाकीत निदान पाच लिटर पेट्रोल असावं, आणि तुम्ही रोज भरता तेच. मॅपसाठी म्हणून खास महागडं १०० ऑक्टेन भरून आणू नका. आम्ही त्यावर मोजू आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून साधं भराल. बॅटरी सकाळी सेल्फला कण्हत असेल तर आधी सांगा. मॅप लिहिताना आम्ही वेगळा सप्लाय जोडतोच, पण मेलेली बॅटरी नंतरही त्रास देते. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड पुसून आणू नका, आम्हाला तो कोडच हवा असतो.

टॅपेट आणि साबणाची तपासणी थंड इंजिनावरच होते. सकाळी दहाला चालवत आणलेली गाडी बाराला हाताला सोसते, म्हणजे दोन तास नुसती उभी. म्हणून आदल्या संध्याकाळी सातच्या आत सोडून जा. रात्रीचं भाडं नाही, शटर बंद असतं, किल्लीची पावती देतो. मंगळवारी बंद.